कुंडीतील वृक्ष : मुगो पाइन आणि आपला पिंपळ

काही वर्षांपूर्वी थंड डोंगराळ मुलखात नोकरीस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेस भेट म्हणून मुगो पाइनचे वीतभर उंचीचे रोप आणून दिले. ‘सर, याचे बोन्साय करा,’ एवढीच त्याची अपेक्षा होती. ते रोप आमच्या हातून गेले. ते का गेले याचा शोध घेताना आम्ही जे शिकलो, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘बोन्साय’ हा जपानी शब्द आहे. ‘बोन’ म्हणजे पसरट भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. कलेचे मूळ मात्र चीनमध्ये आहे. तांग राजघराण्यातील राजपुत्र झांगहुआय याच्या इ. स. ७०६ मधील कबरीत एक भित्तिचित्र आहे. त्यात लहान झाडे व दगड मांडलेले तबक हाती घेतलेला सेवक दिसतो. पुढे ही कला जपानमध्ये गेली आणि तिच्या प्रसारास झेन भिक्खूंचा हातभार लागला. हे काम एका पिढीचे नसते. हिरोशिमातील यामाकी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बमधूनही तो वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेस भेट दिला; आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात आहे.

मुगो पाइन हा आल्प्स, कार्पेथियन, पिरेनीज अशा युरोपीय पर्वतांचा रहिवासी आहे. साधारणतः १००० ते २५०० मीटर उंचीवर, बर्फाच्या ओझ्याखाली वाकत, तो झुडपासारखा पसरतो. त्याच्या सुया जोडीजोडीने येतात व त्यांची लांबी ३ ते ८ सेंटिमीटर असते. मुळातच ठेंगणी वाढ, लवचीक फांद्या आणि आखूड सुया यांमुळे तो बोन्सायकारांना प्रिय आहे.

त्याच्या जोपासनेचे नियम थोडे, पण कडक आहेत. वसंतात फांदीच्या टोकाला मेणबत्तीसारखे कोवळे कोंब निघतात. सुया उलगडण्यापूर्वी जोमदार कोंब निम्मे खुडले की वाढ आटोक्यात राहते आणि मागून नवे डोळे फुटतात. ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, ती सहसा पुन्हा फुटत नाही. म्हणून छाटताना काही सुया राखाव्याच लागतात. वळण देण्यासाठी फांदीभोवती अ‍ॅल्युमिनियमची किंवा तांब्याची तार गुंडाळतात आणि ती सालीत रुतण्यापूर्वी काढतात. कुंडी बदलताना सगळी मुळे एकदम उघडी करीत नाहीत. या वर्षी अर्ध्या भागाची माती बदलली, तर उरलेल्या भागाची माती एक-दोन वर्षांनी बदलतात.

आमची पहिली चूक येथेच झाली. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी बुरशी दिसली. रोग समजून आम्ही मुळे स्वच्छ धुऊन काढली. वस्तुतः ती पाइनची सोबतीण होती. ही बुरशी मुळांना पाणी व क्षार मिळवून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. दुसरी चूक पाण्याची. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काळजीपोटी आम्ही दिवसातून तीन-तीन वेळा पाणी घातले, मुळे कुजली. पाइन मेल्यावरही काही आठवडे हिरवा दिसतो. त्यामुळे झाड गेले आहे हे आम्हांस कळले, तेव्हा फार उशीर झाला होता.

या दोन्ही चुका टाळल्या असत्या, तरी तिसरी अडचण उरतेच. मुगो पाइनला दरवर्षी हिवाळ्यात दीर्घ, थंड विश्रांती लागते. आपल्या भागातील वाचकांना हे समजावून सांगण्यास संत्र्याचा दाखला पुरेसा आहे. तळेगाव, आष्टी, वरूड या पट्ट्यातील शेतकरी बहारापूर्वी संत्र्याचे पाणी तोडून बागेला ताण देतो. झाड थांबते आणि मग फुलते. संत्र्याची विश्रांती पाणी तोडून साधता येते. पाइनची विश्रांती केवळ थंडीने साधते, आणि ती थंडी आपल्या पौषातही पुरेशी नाही. थोडक्यात, आम्ही झाडाची काळजी घेतली, पण त्याचा मुलूख विचारला नाही.

कला मात्र आपल्या मुलखातही रुजते. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये बोन्सायचे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन भरले होते. आपल्या उष्ण हवेत वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही एकाच कुळातील झाडे कुंडीत उत्तम तग धरतात. आम्हीही पिंपळाकडे वळलो. त्यासाठी कोठे जावे लागले नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे वसतिगृहाच्या कठड्यावर आणि पाण्याच्या टाकीच्या भेगांत दरवर्षी उगवतातच, आणि भिंत फुटू नये म्हणून ती काढावीच लागतात.

ही रोपे पावसाळ्याच्या आरंभी मुळांसह अलगद काढावीत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व वाळली की तडकते. ती कुंडीत नुसती वापरू नये. विटांचा जाडसर चुरा दोन भाग, चाळलेला मुरूम एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग, हे मिश्रण आम्हांस मानवले. कुंडीच्या तळाला भोके हवीतच. कापलेल्या जागेतून चीक येतो, त्याची भीती नको. पिंपळाची फांदी लवकर ताठर होते, म्हणून कोवळेपणीच तार बांधावी. पावसाळ्यात वाढ झपाट्याने होते, तेव्हा तार दर आठवड्यास तपासावी. शेंडे खुडत राहिल्याने पाने थोडी लहान येतात. उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी. सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, पण आधी मातीत बोट घालून ओल पाहावी. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलून मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा छाटावा.

एके दिवशी आठवीतील एका मुलीने विचारले, ‘सर, याला मोठे व्हायचे असेल तर?’ आम्ही छाटणीचे शास्त्र सांगू लागलो. पण प्रश्न शास्त्राचा नव्हता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची वाढ कुणीतरी ठरवून रोखली होती, त्या घरांतून आलेली मुले खुरटलेल्या झाडाकडे निव्वळ शोभा म्हणून पाहू शकत नाहीत. बांगलादेशातील ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी गरीब माणसाला बोन्सायचीच उपमा दिली आहे. बीजात खोट नसते, त्याला जमीन मिळालेली नसते, असा तिचा आशय. वनस्पतिशास्त्र याला दुजोरा देते. बोन्सायची जात ठेंगणी नसते. कुंडीतील पिंपळाचे बी उंच वाढणाऱ्या पिंपळाचेच असते. लहानपण कुंडीचे आणि कात्रीचे असते.

प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही पाच वर्षे कुंडीत वाढलेला, हातभर उंचीचा एक पिंपळ इमारतींपासून दूर, क्रीडांगणाच्या कोपऱ्यात जमिनीत लावला. पहिले वर्ष त्याने मुळे पसरण्यात घालवले. तिसऱ्या पावसाळ्यात तो भोजनगृहाच्या छपरापेक्षा उंच झाला. खोडावर तारेचा पुसटसा वळसा अजून दिसतो. ती मुलगी तोवर दहावी होऊन गेली होती.

पिंपळाचा इतिहासही हेच सांगतो. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेने सिंहलद्वीपास नेली, ती पात्रात रोवून नेली, असे महावंसाची परंपरा सांगते. अनुराधापूरला ती जमिनीत लागली. त्याच वृक्षाच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणल्या आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिवृक्ष उभा राहिला. पात्र प्रवासापुरते होते.

म्हणून आमच्या शाळेत आता एक रीत आहे. जो विद्यार्थी एक पिंपळ कुंडीत घडवतो, तो दुसरा जमिनीत लावतो व त्याला दोन उन्हाळे पाणी घालतो. येत्या पावसाळ्यात कठड्यावरची रोपे पुन्हा काढावयाची आहेत. माजी विद्यार्थी व पालकांपैकी ज्यांना हवी असतील त्यांनी अवश्य यावे व न्यावीत. अट तीच, एक कुंडीत आणि एक जमिनीत.