एक तार, अनेक साक्षीदार : शिडाच्या नौकेतील केबलचे मार्ग

जालन्यात समुद्रावरच्या नौकेचं व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्याकडे पोलाद, बियाणं आणि मोसंबी. समुद्र तर चारशे किलोमीटरच्या आसपास दूर. पण ज्यानं बागेत ठिबक बसवलंय, त्याला आजचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे.

आधी नौकेबद्दल. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये २००९ साली ‘म्हादेई’ तयार झाली, लांबी ५६ फूट. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठंही न थांबता फिरून आले. तिचीच बहीण ‘तारिणी’. तिच्यावरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या आणि २०२४-२५ मध्ये फक्त दोघी.

आता प्रश्न असा, की एकटा माणूस झोपतो तेव्हा सुकाणू कोण धरतं? स्वयंचलित सुकाणू, म्हणजे ऑटोपायलट. त्याला दिशा होकायंत्र सांगतं, वारा डोलकाठीच्या टोकावरचा सेन्सर सांगतो, ठिकाण जीपीएस सांगतं. ही सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात ती तारेवरून. खारी हवा आणि सततचे हादरे यांत पुष्कळदा बिघडते ती महागडी पेटी नव्हे, तर दोन पैशांची जोडणी. म्हणून केबल कुठून न्यायची हा प्रश्न जिवाचा आहे.

पूर्वीची पद्धत एनएमईए ०१८३. तिच्यात एक यंत्र बोलणार आणि बाकीची ऐकणार. बोलणारी दोन झाली की वायरींचा गुंता सुरू. नंतरची पद्धत एनएमईए २०००. ती मोटारींसाठी बॉश कंपनीनं काढलेल्या कॅन-बसवर उभी आहे. एकच मुख्य केबल, तिला बॅकबोन म्हणतात, आणि प्रत्येक यंत्राकडे जाणारी छोटी ड्रॉप केबल. झाली की नाही आपली मेन लाइन आणि लॅटरल! दोन यंत्रं एकदम बोलली तर ज्याचा क्रमांक लहान, म्हणजे ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा, तो पुढे जातो आणि दुसरं आपण होऊन थांबतं. आपल्या सभांमध्ये हे जमेल तेव्हा जमेल.

मात्र ठिबकची उपमा एका जागी तुटते. लॅटरलच्या टोकाला आपण एंड कॅप लावतो, ती पाणी अडवते. इथं टोकाला टर्मिनेटर असतो, आणि तो अडवत नाही, जिरवतो. विजेचा संदेश तारेच्या उघड्या टोकावर आपटून मागं फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर आवाज फिरतो तसा. मग नवा शब्द कोणता आणि प्रतिध्वनी कोणता, हे यंत्राला कळत नाही. म्हणून बॅकबोनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर. दोनच, एक नाही, तीन नाहीत.

याची परीक्षा सोपी आहे. वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. ६०च्या आसपास आकडा आला तर ठीक. १२० आला तर एक टर्मिनेटर गेला किंवा मुख्य केबल कुठंतरी तुटली. ४० आला तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय.

आता मार्ग. एका ड्रॉप केबलची मर्यादा ६ मीटर, आणि बारीक जातीची बॅकबोन १०० मीटरपर्यंत. पण ५६ फुटी नौकेची डोलकाठी सहज २० मीटरच्या वर जाते. मग टोकावरच्या सेन्सरपर्यंत ६ मीटरची केबल पुरणार कशी? उत्तर असं, की ड्रॉप वर न्यायचीच नाही. बॅकबोनच डोलकाठीतून वर न्यायची आणि एक टर्मिनेटर तिथं बसवायचा. वर जाते ती लॅटरल नव्हे, मेन लाइन.

बाकीचे नियम अनुभवी इलेक्ट्रिशियनला पटतील असेच आहेत. केबल तळातल्या साचलेल्या पाण्यापासून उंचावर ठेवा. बॅटरीच्या जाड वायरींपासून दूर न्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. होकायंत्राजवळून वीज नेऊ नका, नाइलाज असेल तर जाणारी-येणारी वायर एकमेकींना पिळून न्या, म्हणजे एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खोडते. भोकातून जाताना रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर हादऱ्यानं आवरण कापलं जातं. यंत्राला जोडण्याआधी केबल थोडी खाली झुलवा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथं टपकेल, यंत्रात शिरणार नाही. पाइपातून केबल ओढताना सोबत एक मोकळी दोरी सोडा, उद्याची केबल तीच ओढेल. आणि दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावा. अंधारात, लाटांत, ती चिठ्ठी म्हणजे देव.

मघाशी एकानं विचारलं, ‘सर, यात तत्त्वज्ञान कुठंय?’ सांगतो. न्यायदर्शन म्हणतं, ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानाच्या बाहेरून पडताळावं लागतं. त्याला परतःप्रामाण्य म्हणतात. पडद्यावर तीन यंत्रं तीन आकडे दाखवतात, आपण समजतो तीन साक्षीदार मिळाले. पण तिघंही एकाच तारेवर, एकाच फ्यूजवर असतील, तर फ्यूज उडाल्यावर तिन्ही साक्षीदार एकदम मुके होतात.

२१ सप्टेंबर २०१८ला गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात टॉमींच्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर दुखापत, चालता येईना. डोलकाठी पडली की तिच्या टोकावरचं सगळंच जातं. अशा वेळी कामी आली ती स्वतंत्र उपकरणं, संकटाचा इशारा देणारा बीकन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’नं त्यांना २४ तारखेला उचललं.

म्हणून डोलकाठीच्या पायथ्याशी बॅकबोन सोडवता येईल असा जोड ठेवा आणि खणात एक जादा टर्मिनेटर. डोलकाठी गेली तर तो तिथं लावायचा, खालचं जाळं पुन्हा बोलू लागेल. आणि कागदी नकाशा, हातातलं होकायंत्र, स्वतःच्या बॅटरीवरचा जीपीएस, यांना त्या जाळ्याशी जोडूच नका. ज्याला साक्षीदार म्हणून बोलवायचंय, त्याला आरोपीच्या घरी राहायला पाठवू नये.