रोपासाठी पैसा मिळतो, राखणीसाठी का नाही?

मार्च लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोह गळू लागतो. पहाटे पडलेली फुलं वेचायची तर झाडाखालची जमीन स्वच्छ हवी, म्हणून पालापाचोळा एकत्र करून पेटवतात. दुपारचा वारा सुटला की तीच आग शेजारच्या बांबूच्या रांजीत शिरते आणि साग, ऐन, बिजाची वीतभर वाढलेली रोपटी करपून जातात. यावरचा उपाय अगदी साधा आहे. झाडाखाली जाळी अंथरायची. फूल जाळीवर पडतं, त्याला माती लागत नाही, आणि पाला जाळण्याचं कारणच उरत नाही. गावातल्या मोहाच्या झाडांपुरत्या जाळ्या घ्यायला फार मोठा निधी लागत नाही. अडतं ते एवढ्यावरच, की इतकी लहान रक्कम इतक्या लहान कामासाठी मागायची कुणाकडे?

निसर्गासाठीच्या लहान अनुदानांचं मोल इथे कळतं. जगभर हा विचार जुना आहे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत राबवल्या जाणाऱ्या या योजनेत एका प्रकल्पाला साधारण पन्नास हजार डॉलरची मर्यादा ठेवली, ती मुद्दाम. पैसा गावाच्या, लोकांच्या संस्थेच्या आवाक्यात राहावा, ठेकेदाराच्या नव्हे, हा त्यामागचा हेतू.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातला पाच टक्के अबंध निधी. २०१५ मध्ये राज्य सरकारने आदिवासी उपयोजनेतले पाच टक्के थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना द्यायचं ठरवलं. लोकसंख्येच्या प्रमाणात ही रक्कम येते आणि ती कशावर खर्चायची हे ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण यांच्या जोडीने वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी हाही एक हक्काचा भाग त्यात आहे. गडचिरोलीचा बराचसा भाग आणि चंद्रपूरचा राजुरा-जिवतीकडचा पट्टा यात येतो. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांसाठी याच काळात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आली. गॅसजोडणी, सौर कुंपण अशी कामं तिच्यातून होतात. सरपण कमी लागलं की जंगलावरचा भार हलका होतो, आणि वाघाच्या तोंडी जाण्याची जोखीम घेऊन लाकडं आणायला जाणाऱ्या बाईचाही जीव वाचतो. ही कामं मला मोलाची वाटतात.

पण पैसा कुणाच्या निर्णयाने खर्च होतो, यावरच सगळं अवलंबून आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अनेक वर्षं अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत जपली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या दिवसापासून गावाला स्वतःच्या जंगलातून स्वतःचा निधी उभा करता येऊ लागला.

गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव याच्याही पुढे गेलं. पारोमिता गोस्वामी यांच्या एल्गार प्रतिष्ठानच्या साथीने २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला. बांबूतून गावातच रोजगार उभा राहिला. मग गावाने असा निर्णय घेतला की ऐकणारा थबकावा : तेंदूपत्ता तोडायचा नाही. कोवळी पानं यावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, जागोजागी आग लावतात. त्यात जंगलाचं नुकसान होतं, म्हणून हातचं उत्पन्न सोडलं. जंगलाचा एक तुकडा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. बाहेरच्या कुठल्या अनुदानाच्या अटीत हे लिहिलेलं नव्हतं.

उलट बाजूला मोठ्या आकड्यांच्या मोहिमा आहेत. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने पन्नास कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं. उत्साह खरा होता, शाळकरी मुलांनीही खड्डे खणले. पण मोजमाप होतं ते लावलेल्या रोपांचं. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, गुरं कोण हाकणार, फेब्रुवारीत जाळरेषा कोण काढणार, हा खर्च गावाच्या हिशेबात क्वचितच आला. पूर्व विदर्भात ज्याने बोडी खोदली त्याला माहीत असतं की पाळ दरवर्षी बघावी लागते. मालगुजारी गेली, मामा (माजी मालगुजारी) तलावांची रोजची देखभाल करणारी व्यवस्था विस्कटली, आणि कित्येक तलाव गाळाने भरले. जंगलाचंही तसंच होतं.

शहरालाही हे लागू आहे. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटावरची झुडपं आणि कचरा श्रमदानाने हटवला. तटाकडेची ती जागा पुन्हा माणसांना फिरता येईल अशी झाली. श्रमदानाला तोड नाही, पण कोयते, हातमोजे, कचरा वाहून नेणारी गाडी यांना दर महिन्याला पैसा लागतो. तो कुणी तरी नियमित द्यायला हवा.

म्हणून माझी मागणी एवढीच : लहान निधीच्या प्रत्येक ठरावात राखणीचा खर्च वेगळा धरा, आणि तो किमान तीन वर्षांचा धरा. त्यात गस्तीची मजुरी, जाळरेषा, मोहाच्या जाळ्या आणि पाळीची डागडुजी असू द्या. वाचकांपैकी ज्यांचं गाव पेसात आहे, त्यांनी येत्या ग्रामसभेत अबंध निधीचा हिशेब मागावा आणि राखणीचा हा ठराव मांडावा.