आशय वेगळा, सजावट वेगळी : संकेतस्थळांचे साचे आणि शैलीपत्रके

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर होय. ज्या मागाला जकार्डची जोड असते, त्यावरील कापडाची नक्षी मूळ पद्धतीत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मालिकेने ठरते. सूत तेच ठेवून पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. सूत आणि नक्षी यांची अशी फारकत शासकीय संकेतस्थळाच्या बाबतीतही अत्यंत उपयुक्त ठरते. तेथे सुताची जागा आशय घेतो, तर पुठ्ठ्यांचे काम शैलीपत्रक करते.

नमुना आणि नियम

आशय व्यवस्थापन प्रणालीत परिपत्रक, निविदा वा सूचना यांचा मजकूर माहितीसंचात साठविलेला असतो. नागरिकाने पृष्ठ उघडले की प्रणाली तो मजकूर साच्यात, म्हणजेच टेम्प्लेटमध्ये भरून पुढे पाठविते. साचा म्हणजे कार्यालयातील छापील नमुनाच. गाव नमुना सात-बारामध्ये रकाने ठरलेले असतात, नोंदी मात्र प्रत्येक जमिनीच्या वेगळ्या. त्याचप्रमाणे शीर्षक, दिनांक, विभाग व मजकूर यांच्या जागा साचा निश्चित करतो.

अक्षरांचा आकार, रंग, ओळींमधील अंतर इत्यादी बाबी शैलीपत्रक, म्हणजेच स्टाइल शीट ठरविते. होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप आले. ‘सर्व उपशीर्षके गडद निळी असावीत’ असा एक नियम एका ठिकाणी लिहिला की तो शेकडो पृष्ठांना लागू होतो. तेच पृष्ठ भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर एका स्तंभात यावे आणि कागदावर छापताना अनावश्यक दुवे गळावेत, अशी व्यवस्थाही त्यात करता येते.

एका यादीचे उदाहरण

ही बाब केवळ सौंदर्याची नव्हे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळून तीसहून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले. पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. सी-१ वर्गातील इमारत तातडीने रिकामी करून पाडावयाची असते. सी-२ए मधील रिकामी करून, तर सी-२बी मधील रिकामी न करता दुरुस्त करावयाची असते. सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. अशी यादी कागदाचे छायाचित्र म्हणून चढविल्यास इमारतीचे नाव शोधता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीचे पडदावाचक साधन ती वाचू शकत नाही. अतिधोकादायक इमारत केवळ लाल रंगाने दर्शविल्यास, रंग न ओळखू शकणाऱ्या रहिवाशाला आपले घर कोणत्या वर्गात आहे हे कळणारच नाही. साच्यात ‘वर्ग’ हा स्वतंत्र रकाना असेल, तर प्रत्येक नोंदीत तो शब्दांनी भरला जाईल. रंग हा त्यावरील जादा संस्कार राहील.

मराठी मजकुराची निगा

मजकूर युनिकोडमध्ये असणे ही पहिली अट होय. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. साच्यात पृष्ठाची भाषा मराठी असल्याची नोंद असावी, म्हणजे पडदावाचकाला योग्य उच्चार निवडता येतात. ओळींमधील अंतर फार कमी ठेवल्यास वेलांट्या व उकार एकमेकांत अडकतात, तर अक्षरांमधील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. इंग्रजीसाठी तयार केलेली शैली मराठीस जशीच्या तशी लावू नये, याचे कारण हेच.

मजकूर भरणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून दोन चुका विशेषत्वाने घडतात. लेखनप्रणालीतून मजकूर थेट उचलून चिकटविला की त्याबरोबर तेथील रंग व आकारही येतात आणि ते सर्वसाधारण शैलीपत्रकावर मात करतात. यास्तव मजकूर साध्या स्वरूपात चिकटवावा. दुसरे असे की, शीर्षक केवळ ठळक अक्षरांत लिहिल्याने ते शीर्षक ठरत नाही. त्यास शीर्षकाचा दर्जा द्यावा लागतो. पडदावाचक त्या दर्जावरूनच पृष्ठाची रचना सांगतो.

जबाबदारीची विभागणी

साच्यातील एक चूक सर्व पृष्ठांवर पसरते. म्हणून साचा व शैलीपत्रक बदलण्याचा अधिकार मोजक्या प्रशिक्षित व्यक्तींकडे असावा आणि प्रत्येक बदल आधी चाचणी प्रतीवर पाहावा. मजकूर भरण्याचे काम मात्र संबंधित विभागानेच करावे. कारण माहिती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

भारत सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या सेवेत तयार साचे उपलब्ध असून देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे त्यावर उभी आहेत.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून माहिती प्रकट करावयाची आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम ती सर्वांना सुगम व्हावी अशी अपेक्षा करतो. माहिती संकेतस्थळावर चढविली म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे; ज्याच्यासाठी ती आहे त्याला ती वाचता आली पाहिजे. नीट आखलेला साचा आणि विचारपूर्वक लिहिलेले शैलीपत्रक ही त्या कर्तव्यपूर्तीची साधने होत.