निसर्ग सर्वांचा, मग पाणवठा कोणाचा?

जुलै उजाडला की विदर्भातल्या शाळांत वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो. ५ जूनच्या पर्यावरण दिनी आपल्याकडे शाळांना सुटी असते, म्हणून हा सोहळा पावसाबरोबर येतो. पाहुणे येतात, रोपाला हात लावतात, फोटो निघतो. गाव कोणतेही असो, खड्डे कोणाच्या मुलांनी खणले आणि फोटोत कोण उभे राहिले, हे मात्र कोणी विचारत नाही.

मुलांचे निसर्गाशी नाते किती, हे मोजण्याचे शास्त्र आता जगभर उभे राहिले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेस्ली शुल्ट्झ यांनी त्यासाठी एक सोपी युक्ती काढली. कागदावर वर्तुळांच्या सात जोड्या. एक वर्तुळ 'मी', दुसरे 'निसर्ग'. पहिल्या जोडीत दोन्ही अलग, शेवटच्या जोडीत पूर्ण मिसळलेली. विद्यार्थ्याने आपली जोडी निवडायची. याच शुल्ट्झ यांनी लिनेट झेलेझनी यांच्यासह १९९९ साली १४ देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांच्या भल्याचे मूल्य मानणाऱ्या विद्यार्थ्यांत निसर्गाची आस्था अधिक, तर सत्ता आणि परंपरा यांना मोठे मानणाऱ्यांत ती कमी, असे त्यात आढळले. आपल्या वाचकांना या निष्कर्षाचे नवल वाटू नये!

आता हाच कागद बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या नववीच्या वर्गात वाटला, अशी कल्पना करू या. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव १७२४ च्या निजामाच्या लढाईमुळे येते. पण आपला प्रश्न आजच्या मुलांचा आहे. दिवाळीच्या सुटीत आईबरोबर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणारी भूमिहीन घरची मुलगी कोणती जोडी निवडेल? कोणते बोंड आज फुटेल, कोणते आभाळ बरसेल, बांधावरची कोणती भाजी कधी खुडायची, हे तिला पाठ आहे. पुस्तकातल्या निसर्गवर्णनापेक्षा तिला निसर्ग जास्त ठाऊक आहे. तिची वर्तुळे मिसळलेलीच आहेत. परंतु ज्या रानात ती राबते त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. शास्त्रज्ञांच्या कागदावर 'मी' आहे, 'निसर्ग' आहे. मधे उभी असलेली जात त्या कागदावर नाही.

ती जात बाबासाहेबांनी शाळेतच अनुभवली. बसायला घरून आणलेले गोणपाट आणि नळ सोडायला शिपाई. शिपाई हजर नसला की तहानलेले राहायचे. एका शाळकरी मुलाचे पाण्याशी नाते कसे होते, हे याहून स्पष्ट कोणते सर्वेक्षण सांगेल? पुढे १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी दाराजवळच्या हौदातले पाणी घेतले, तर हौद बाटवला म्हणून ओरड झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो, आत कुठे पाण्याला हात लावणार नाहीत हे पाहण्यासाठी एक शिपाई बरोबर देऊन!

आणि महाड? २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्याले. जनावरांना मोकळे असलेले ते तळे माणसांच्या स्पर्शाने 'विटाळले' आणि सनातन्यांनी ते शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले. पाणी कशाने घाण होते आणि कशाने स्वच्छ होते, हा पर्यावरणशास्त्राचा अगदी पहिला धडा. या देशात तो उलटा शिकवला गेला. माणसाचा विटाळ मानला आणि शेणाला शुद्धी म्हटले. म्हणूनच महाडचा सत्याग्रह केवळ इतिहासाच्या तासाला शिकवून भागणार नाही. तो पर्यावरणाच्या तासालाही शिकवला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे प्राथमिक वर्गांत 'परिसर अभ्यास' आहे. नाव किती चांगले! पण परिसरात गावकुसाबाहेरची वस्ती येते की नाही? गावाचे सांडपाणी उताराने कोणाच्या दारात जाते, उकिरडा कोणाच्या घराशेजारी असतो, टँकर आला तर हंडा कोणाचा आधी भरतो, हा परिसर नव्हे काय?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी हा प्रश्न विचारला. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील वॉरेन काउंटीत, जिथे बहुसंख्य वस्ती काळ्यांची, तिथे विषारी माती पुरायचे ठरले. लोक रस्त्यावर आडवे झाले, शेकडोंना अटक झाली. माती पुरली गेलीच, पण त्या लढ्यातून 'पर्यावरणीय न्याय' हा विचार उभा राहिला. पर्यावरण म्हणजे केवळ दूरचे जंगल आणि वाघ नव्हे; आपण जिथे राहतो, राबतो, आपली मुले जिथे खेळतात तेही पर्यावरण, असे त्यांनी जगाला सांगितले.

आपल्याकडे हा प्रश्न गायरानाच्या रूपाने उभा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून आपल्या माणसांनी पडीक जमिनी कसल्या, धोंडे वेचून माती केली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या, पण शासनाने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदवला. तरीही २०२२ साली उच्च न्यायालयाने गायरानांची दखल घेतल्यावर गावोगाव नोटिसा निघाल्या. कोणी सामाईक जमीन वाचवायची म्हटले तर आमचा विरोध नाही. पण निसर्गाचे रक्षण दर वेळी गरिबाच्या झोपडीपासूनच का सुरू व्हावे?

साखरखेर्ड्याच्या शेजारच्या तालुक्यात लोणार आहे. २०२० मध्ये त्या सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मुलांची सहल तिथे जरूर न्यावी. पण परत आल्यावर गुरुजींनी मुलांना आपल्या गावाचाही नकाशा काढायला लावावा. विहिरी, हातपंप, नाला, उकिरडा, गायरान, स्मशान, सगळे दाखवायचे. आणि प्रत्येक खुणेजवळ लिहायचे : इथे कोण राहते? हे पाणी कोण भरते? ही घाण कोण उचलते? शाळा हे करणार नसेल तर आपल्या बुद्धविहारात रविवारी मुलांना बसवून करा. खर्च एका कागदाचा आणि पेन्सिलीचा.

सम्राट अशोकाने रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, आणि त्या माणसांच्या व पशूंच्या उपयोगासाठी आहेत, असे दगडावर कोरून ठेवले. त्यात कोणत्या माणसांच्या, असा भेद नव्हता. आमच्या मुलांना झाडे लावायला जरूर शिकवा. पण त्या झाडाला घालायचे पाणी कोणाच्या विहिरीतून आणायचे, हे विचारायलाही शिकवा.