नैराश्याच्या गोळ्या : त्रास आधी, गुण नंतर

नैराश्यावरील औषध सुरू होऊन आठवडा झाला, की पुष्कळ घरांतून एकच तक्रार येते : ‘बरे वाटणे दूरच, उलट मळमळते, झोपही उडाली.’ शेजारीपाजारी सल्ला देतात, ‘सोडा त्या गोळ्या, सवय लागेल.’ गोळ्या सुटतात, आजार मात्र तसाच राहतो. या औषधांचा स्वभाव माहीत असेल, तर हे टाळता येते.

असे का होते?

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही आज नेहमी दिली जाणारी औषधे सिरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातील बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते. त्यामुळे मळमळ, जुलाब, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. मनाला उभारी येण्यास मात्र साधारण २ ते ४ आठवडे लागतात. पुरता गुण येण्यास याहूनही अधिक. सुरुवातीचे बरेचसे त्रास एक-दोन आठवड्यांत आपोआप कमी होतात.

घरी काय करावे?

मळमळत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असल्यास ती सकाळी आणि गुंगी येत असल्यास रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. गुंगी असेपर्यंत मोटारसायकल चालवू नये. मद्य पूर्ण टाळावे.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, उठताना चक्कर येते. घोटघोट पाणी प्यावे, भाज्या-फळे भरपूर खावीत, अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसावे. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. या गोळ्या एकदम जास्त घेतल्यास जिवावर बेततात, म्हणून साठा घरातील जबाबदार माणसाने स्वतःजवळ ठेवावा.

कामेच्छा कमी होणे, वीर्यपतनास उशीर लागणे हे त्रास लाजेपोटी कोणी बोलत नाही. ते औषधामुळे होऊ शकतात आणि डोस किंवा औषध बदलून त्यावर उपायही असतो. मिर्टाझापिनसारख्या गोळीने वजन वाढते, त्यावर लक्ष ठेवावे.

ताबडतोब डॉक्टर गाठा

• आत्महत्येचे विचार येणे किंवा वाढणे, कमालीची तगमग होणे. २५ वर्षांखालील रुग्णांवर पहिले काही आठवडे व डोस बदलताना घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे.

• झोप नसतानाही अफाट उत्साह, अखंड बडबड, उधळपट्टी.

• ताप, घाम, थरथर, स्नायू ताठरणे आणि भ्रम एकत्र दिसणे. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास हा धोका वाढतो.

• काळी शौचास होणे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते.

• वृद्धांना गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे. रक्तातील सोडियम घटल्याने असे होऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास अधिक.

• लघवी अडणे, अंगावर पुरळ येऊन चेहरा सुजणे.

अचानक बंद करू नका

दारूची लागते तशी या गोळ्यांची तलफ लागत नाही. पण शरीराला त्यांची सवय झालेली असते. एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन सोडताना ते अधिक जाणवतात. म्हणून डोस हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावा. बरे वाटू लागल्यावरही साधारण ६ महिने तरी औषध चालू ठेवावे लागते. गरोदर राहिल्यास स्वतःहून गोळ्या थांबवू नयेत, लगेच डॉक्टरांना भेटावे.

जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसल्यास २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. एका कागदावर रोजचा त्रास, तारीख आणि चालू असलेली सर्व औषधे लिहून ठेवावीत व तपासणीच्या वेळी तो कागद सोबत न्यावा. ‘या गोळ्यांनी त्रास होतो’ एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. कोणता त्रास कधी सुरू झाला हे कळले, की औषध बदलणे सोपे जाते.