वापरात नसलेली हार्ड डिस्क थांबवा

हिंगण्यात उन्हाळाभर कूलर चालतो, त्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही. थंडी पडून कूलर बंद झाला की मात्र रात्री तो चांगलाच जाणवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीतच असतो. तिथेच मुलांचा दहावीचा अभ्यास चालतो आणि तिथेच दादीचं अंथरूण पडतं. मग आवाजाला कंटाळून कुणीतरी म्हणतं, ‘हे डबडं बंद करा!’

हा आवाज पंख्यांचा असतो, तसाच हार्ड डिस्कचाही. डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे! काम नसलं तरी त्या फिरतच राहतात. त्यांचा थरथराट स्क्रूंमधून पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये उतरतो आणि सगळा डबा घुमू लागतो.

वेग वाढावा म्हणून हल्ली जुन्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी बसवतात. तिच्यात फिरणारा भागच नसल्याने ती आवाज करत नाही. जुनी डिस्क मात्र निकाहचे, ईदचे फोटो सांभाळत आतच राहते. दिवसभरात तिची गरज क्वचितच लागते. तिला थांबवायला खर्च येत नाही.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा. चालू प्लॅनसमोरच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’वर आणि मग अॅडव्हान्स्ड सेटिंग्जवर जा. तिथे ‘हार्ड डिस्क’खाली ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ असं दिसेल. त्यात २० मिनिटं भरा. शून्य भरलं तर डिस्क कधीच थांबणार नाही. थांबलेल्या डिस्कवरची फाइल उघडताना काही सेकंद लागतात. घाबरू नका, चकत्या पुन्हा वेग घेत असतात.

वेळ २-३ मिनिटांवर आणू नका. सारखं थांबणं आणि सुरू होणं डिस्कला झिजवतं. वेळ भरूनही ती थांबत नसेल, तर अँटिव्हायरस किंवा फाइल शोधून ठेवणारा एखादा प्रोग्राम तिला जागं ठेवत असण्याची शक्यता असते. महिनोन्महिने लागतच नसेल, तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, जाणकाराकडून तिची वायर सोडवून घ्या. बाहेरून जोडलेली डिस्क असेल, तर आधी ‘सेफली रिमूव्ह’ करा, मगच काढा.

मात्र डिस्कचा प्रत्येक आवाज नुसता दाबून टाकायचा नसतो. संथ गुणगुण नेहमीची असते. ‘टक्, टक्’ असा नवा आवाज येऊ लागला किंवा खरखर ऐकू आली, तर डिस्क निकामी होत असल्याची ती खूण असू शकते. अशी डिस्क थांबवली की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. तेव्हा सेटिंग बदलण्याआधी सगळ्या फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती कपाटात जपून ठेवा. अब्बांचे जुने फोटो बाजारात विकत मिळत नाहीत.