सव्वादोन कोटींचा दहा नंबर

रोमानियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघासाठी सर्वाधिक गोल कुणी केले, असं विचारलं तर दोन नावं सांगावी लागतात. गेओर्गे हाजी आणि अद्रियान मुटू. दोघांचेही 35. हाजीला सगळं जग ओळखतं. मुटूला चेल्सीचे आणि फिओरेंटिनाचे चाहते ओळखतात, आणि 2015 साली बालेवाडीच्या स्टेडियमवर गेलेले पुणेकरही. कारण उतरत्या काळात हा गडी चक्क पुण्यात येऊन एक हंगाम खेळून गेला.

आधी हाजी. तो मधल्या फळीतला खेळाडू, डाव्या पायाचा, अंगावर दहा नंबर. मिडफिल्डरनं 35 गोल करणं म्हणजे आपलं मुख्य काम सांभाळून वर एवढी कमाई करणं. त्यासाठी त्याला सामने मात्र सव्वाशेच्या घरात लागले. 1994चा अमेरिकेतला विश्वचषक ज्यांनी रात्री जागून पाहिला, त्यांना कोलंबियाविरुद्धचा त्याचा गोल वेगळा सांगायला नको. 18 जून, पासाडिनाचं रोझ बोल मैदान. डाव्या बाजूच्या रेषेजवळ, गोलपासून भलत्या लांब, हाजीकडे चेंडू आला. गोलरक्षक कोर्डोबा दोन पावलं पुढे उभा आहे हे त्यानं हेरलं आणि चेंडू असा उंच सोडला की तो कोर्डोबाच्या हातांवरून थेट जाळ्यात उतरला. तो क्रॉस होता, चुकून आत गेला, असं म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. हाजीचा डावा पाय चुकून काही करत नसे.

त्या स्पर्धेत रोमानियानं अर्जेंटिनाला 3-2 असं घरी धाडलं. हाजीनं त्यातही एक गोल केला. समोर मॅराडोना नव्हता, कारण एफेड्रिन सापडल्यामुळे तो दोनच सामन्यांनंतर स्पर्धेबाहेर गेला होता. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडननं पेनल्टींवर रोमानियाचा घास काढून घेतला.

हाजी रेआल माद्रिदकडून खेळला आणि बार्सिलोनाकडूनही. मधली दोन वर्षं त्यानं इटलीतल्या ब्रेशिया क्लबात काढली. पण त्याचं खरं घर झालं इस्तंबूल. 2000 साली गालातासरायनं आर्सेनलला पेनल्टींवर हरवून यूएफा कप जिंकला, त्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हाजीला लाल कार्ड मिळालं होतं. महिनाभरानं युरो स्पर्धेत इटलीविरुद्धही लाल कार्ड, आणि मोठ्या स्पर्धांमधला त्याचा खेळ तिथेच संपला. रोमानियाच्या त्याच संघात 21 वर्षांचा मुटू होता. वारस सापडला, असं रोमानियाला वाटलं तर नवल नाही.

मुटू पिटेश्ट आणि बुखारेस्टमधून इंटर मिलानला गेला. तिथे जम बसला नाही. व्हेरोना आणि पार्मा इथे मात्र बसला. तो हाजीसारखा मधल्या फळीतला नव्हे. आघाडीवर किंवा आघाडीच्या जरा मागे खेळणारा. ऑगस्ट 2003 मध्ये चेल्सीनं त्याला पाच वर्षांच्या करारावर उचललं. रोमन अब्रामोविचनं क्लब नुकताच विकत घेतला होता, पैशाला तोटा नव्हता. किंमत 2 कोटी 25 लाख युरो. पहिल्या तीन सामन्यांत मुटूनं चार गोल केले. मग खेळ मंदावला आणि ऑक्टोबर 2004 मध्ये चाचणीत कोकेन सापडलं. चेल्सीनं करार मोडून त्याला काढलं, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं सात महिन्यांची बंदी घातली.

इथवरची गोष्ट वर्तमानपत्रांत येऊन गेली. पुढची कोर्टाच्या कागदांत आहे, आणि ती समजून घ्यायला आमच्या नागपूरच्या गांधीबागेसारखी जागा नाही. आमच्याकडे सेंट्रल अॅव्हेन्यूच्या अलीकडे-पलीकडे कापडाचे ठोक व्यापारी आणि औषधवाले दाटीनं बसलेत, आणि लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा आजही होते. चेल्सीनं मुटूवर नुकसानभरपाईचा दावा लावला, तोही अगदी वहीतल्यासारखा. ओळखीच्या एका कापडवाल्या सेठना मी तो सांगितला. त्यांनी बिलबुकाच्या मागेच आकडे मांडले. सव्वादोन कोटी भागिले 60 महिने, म्हणजे महिन्याला पावणेचार लाख. मुटूला काढलं तेव्हा कराराचे 44 महिने उरले होते. पावणेचार लाख गुणिले 44 म्हणजे 1 कोटी 65 लाख. फिफाच्या वादनिवारण समितीनं मे 2008 मध्ये हाच आकडा धरला. त्यावर करारावेळी दिलेल्या रकमेचा न फिटलेला भाग 3,07,340 युरो आणि एजंटच्या फीचा तसाच उरलेला भाग 3,66,650 युरो. एकूण 1,71,73,990 युरो, वर पाच टक्के व्याज.

सेठनी पेन ठेवलं. ‘भाऊ, माल तर तुम्हीच फेकला न? मग भरपाई कायची?’

मुटूच्या वकिलांचं म्हणणं जवळपास हेच होतं. क्लबनं त्याला ठेवून घ्यायचं किंवा विकायचं सोडून स्वतः काढलं. लोझानच्या क्रीडा लवादानं जुलै 2009 मध्ये ते फेटाळलं: करार आधी मोडला तो खेळाडूनं. स्विस सर्वोच्च न्यायालयानंही 2010 मध्ये दाद दिली नाही. मग प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. लवाद निःपक्षपाती नव्हता, ही मुटूची तक्रार ऑक्टोबर 2018 मध्ये तिथेही टिकली नाही. कोकेन सापडून तोवर चौदा वर्षं झाली होती.

सेठचा दुसरा प्रश्न जास्त मार्मिक होता. ‘ज्यानं फुकट उचलला, त्याले नाही पकडलं?’

पकडलं होतं. इटलीत युरोपियन युनियनबाहेरचे खेळाडू परदेशातून आणायला मर्यादा होती, रोमानिया तेव्हा युनियनमध्ये नव्हता आणि युव्हेंटसचा कोटा भरला होता. म्हणून जानेवारी 2005 मध्ये आधी लिव्होर्नोनं मुटूशी करार केला आणि लगेच त्याला युव्हेंटसच्या हवाली केलं. चेल्सीला छदाम मिळाला नाही. पुढच्याच वर्षी युव्हेंटसनं तो फिओरेंटिनाला सुमारे 80 लाख युरोंना विकला. फिफाच्या समितीनं 2013 मध्ये दोन्ही इटालियन क्लबांना भरपाईत मुटूबरोबर जबाबदार धरलं, पण क्रीडा लवादानं जानेवारी 2015 मध्ये त्यांना मोकळं केलं. कायद्याचं कलम काहीही असो, मला हे पचत नाही. खेळाडूची चूक कबूल. पण त्याच्या पायांवर ज्यांनी रोकडा नफा कमावला, त्यांच्या खात्यावर एक युरोही मांडला गेला नाही.

आणि पाय खरंच तसे होते. फ्लॉरेन्समधली, म्हणजे फिओरेंटिनाकडची, पहिली वर्षं त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत फळलेली. पार्मातले त्याचे जुने प्रशिक्षक प्रांदेल्ली तिथे होते. 2008च्या युरोत विश्वविजेत्या इटलीविरुद्ध त्यानं गोल केला. मिनिटभरात पानुच्चीनं बरोबरी साधली. दहाएक मिनिटं उरली असताना मुटूला पेनल्टी मिळाली. ती आत गेली असती तर इटलीचा गाशा जवळजवळ गुंडाळलाच होता. बुफॉननं ती अडवली. इटली पुढे गेली, रोमानिया नेदरलँड्सकडून हरून घरी.

2010 मध्ये पुन्हा चाचणी, या वेळी भूक मारणारं सिब्युट्रामिन, आणि नऊ महिने बंदी. 2013 मध्ये त्यानं हाजीचा 35चा आकडा गाठला, तोही अवघ्या 77 सामन्यांच्या कारकिर्दीत. पण त्याच वर्षी राष्ट्रीय प्रशिक्षक पित्सुर्का यांचं मिस्टर बीन केलेलं चित्र त्यानं फेसबुकवर टाकलं आणि संघाचं दार बंद झालं. छत्तिसावा गोल राहिला तो राहिलाच.

तर 2015 मध्ये छत्तिशीचा मुटू एफसी पुणे सिटीत आला. इंडियन सुपर लीगला तेव्हा दुसरंच वर्ष होतं. प्रत्येक संघात एक बडं नाव लागायचं. पुण्याकडे आदल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे होता. प्रशिक्षक इंग्लंडचा माजी मिडफिल्डर डेव्हिड प्लॅट, जोडीला तुर्कस्तानचा तुंजाय. मेघालयाच्या युजिनसन लिंगडोहला लिलावात 1 कोटी 5 लाख रुपये देऊन घेतलेलं. एवढं करून पुणे आठ संघांत सातवं आलं. 2019 मध्ये हा क्लबच बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. फुटबॉलप्रेमी पुण्याच्या हाती काय राहिलं, हे पुणेकरांनीच सांगावं.

नागपूर तसं क्रिकेटचं. पण हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या पोरांना गोळा करून सुरू केलेलं फुटबॉल अजून चालू आहे. ‘झुंड’ सिनेमा त्यावरच बेतलेला. बड्या नावावर पैसा ओतण्यापेक्षा मला ही रीत पसंत आहे. हाजीनंही 2009 मध्ये कॉन्स्टान्त्साजवळ स्वतःची अकादमी काढली. तिथल्या पोरांच्या जोरावर त्याच्या विटोरुल क्लबनं 2017 मध्ये रोमानियाची लीग जिंकली. हाजी तेव्हा त्या क्लबाचा मालकही होता आणि प्रशिक्षकही.

मुटूही प्रशिक्षक झाला. 2021 मध्ये रोमानियाचा 21 वर्षांखालचा संघ त्याच्या हाताखाली युरो स्पर्धेत उतरला. हंगेरीला हरवलं, नेदरलँड्स आणि जर्मनीशी बरोबरी. तिघांचेही गुण पाच. एकही सामना न हरता रोमानिया गोलफरकात मागे पडून गटातच बाद झाली, आणि पुढे ती स्पर्धा जर्मनीनं जिंकली.